कार्डं दोनच रंगांची

सालेहाला नोकरी लागली तेव्हा निजामपुऱ्यातल्या बायकांना हसू आवरेना. नोकरी कसली, तर दंगलीची. मुंबईहून एक संस्था आली होती, तिचं नाव इतकं लांबलचक की पाटी रंगवणाऱ्यानं दोनदा पुसून तिसऱ्यांदा अक्षरं बारीक केली. ‘वांशिक संघर्ष व शांततामय निराकरण अभ्यास केंद्र.’ गल्लीला एवढा वेळ कुठला! गल्लीनं एका दिवसात बारसं करून टाकलं : दंगल ऑफिस.

"काय गं, दंगल झाली की तुझा पगार वाढणार का?" शेजारणी विचारत.

"दंगल झाली तर नोकरीच जाईल," सालेहा म्हणे. "ते लोक दंगल न झाल्याचा अभ्यास करायला आलेत."

आणि ते खरंच होतं. १९९३चा उन्हाळा. आधीच्या डिसेंबर-जानेवारीत मुंबई जळत होती आणि भिवंडी, जिचं नाव काढताच लोक कानाला हात लावत, ती भिवंडी गप्प राहिली. विद्वानांना हे कोडं पडलं. १९८४ साली गाव जळलं तेव्हा यातला एकही चष्मेवाला इकडे फिरकला नव्हता. जळण्यात आश्चर्य काय, न जळण्यात आहे! पण त्यांना दोष तरी किती द्यायचा? निदान आले तरी. बाकी कोण आलं?

सालेहा तेव्हा एकतीस वर्षांची होती. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, आठ लूमचा कारखाना, बाप गुलाम हुसेन. "धंद्याचे कागद मराठीत, कोर्टाचे मराठीत, मग पोरगीच उर्दूत कशाला?" असं म्हणून त्यानं तिला मराठी शाळेत घातलं होतं. ती मॅट्रिक झाली. पुढे बापाला अर्धांगवायू झाला. पाच वर्षं तिनं त्याला भरवलं, कुशीवर वळवलं, आणि तो गेला तेव्हा तिच्या लग्नाचं बोलणंही लोकांनी सोडून दिलेलं होतं. लूम भाड्यानं दिले. घरात ती आणि लूमचा खडखडाट. या नोकरीत मराठी, हिंदी आणि इथली बोली तिन्ही लागत होत्या. असं माणूस तिच्याशिवाय दुसरं कोण मिळणार होतं?

संस्थेच्या मुख्य कमळाताई. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. बाई मनानं चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांचा राग येईल. त्यांची कामाची पद्धत अशी की शांततेचा अभ्यास करायचा तर आधी चौऱ्याऐंशीचे मेलेले नीट मोजायचे. एका मेलेल्याचं एक कार्ड. हिंदू असेल तर पांढरं, मुसलमान असेल तर पिवळं. पंचनाम्यांच्या नकला, स्मशानाची आणि कब्रस्तानाची वही, घरच्यांच्या मुलाखती, सगळं जुळवून सालेहानं कार्ड भरायचं. तिचं अक्षर मोत्यासारखं. कमळाताई म्हणत, "तुझ्या अक्षरामुळे माणसं कार्डावर नीट झोपलेली वाटतात." असलं बोलणं फक्त शिकलेल्या माणसालाच सुचतं.

दीडेक महिना सालेहा घरोघर हिंडली. लोक रडत, ती लिहून घेई. रडू आलं तर बाहेर जाऊन तोंड धुऊन येई. एक गोष्ट मात्र तिनं कमळाताईंना सांगितली नव्हती. तिच्या स्वतःच्या घरातूनही एक माणूस चौऱ्याऐंशीत गेला होता आणि त्याचं कार्ड भरायला कुठला कागदच नव्हता.

त्याचं नाव जिव्या. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर दिघाशी गाव आहे, तिथला वारली. गुलाम हुसेनच्या कारखान्यात बीम उचलायचा. बीम म्हणजे सुतानं भरलेला लोखंडी रूळ, दोन माणसांना दम लागतो. जिव्या एकटा खांद्यावर घेई आणि वर गाणं म्हणे. आठवडाभर कारखान्यातच झोपायचा, शुक्रवारी लूम बंद की घरी. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. बायको तानी, मूलबाळ नाही.

मे महिन्यात दंगल पेटली तेव्हा तो कारखान्यात अडकला. तीन दिवस गुलाम हुसेननं त्याला सुताच्या पोत्यांमागे लपवून ठेवलं. सालेहा भाकरी नेऊन देई. चौथ्या दिवशी सकाळी कर्फ्यूला दोन तासांची ढील मिळाली आणि जिव्या हट्टालाच पेटला.

"शेट, मी जातू. पेरणीआधी शेतात राब भाजायचा ऱ्हायलाय. तानी एकली हाय."

गुलाम हुसेननं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. उघड्या पोटऱ्या, लंगोटी, वर आखूड सदरा. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून असा गेला तर टोकाला पोचणार नव्हता. कारण गल्ल्यांत आता गुलाम हुसेनच्याच समाजाची माणसं हातात काठ्या घेऊन बसली होती. भीती त्याला आपल्याच माणसांची वाटली, हे ध्यानात ठेवा. चांगल्या माणसाला पहिली भीती आपल्याच लोकांची वाटते.

"सालेहा, माझी लुंगी आण," तो म्हणाला. मग जिव्याला म्हणाला, "ही नेस. आपल्या गल्लीत तुला कोणी विचारणार नाही. नाक्यापलीकडे गेलास की काढून फेक."

सालेहानं दोरीवरची निळ्या चौकड्यांची लुंगी काढून आणली. एका कडेला ती फाटली होती. निळा दोरा नव्हता म्हणून तिनंच लाल दोऱ्यानं रफू केली होती. जिव्यानं ती नेसली, स्वतःकडे पाहिलं आणि हसला. "शेट, फेकू कशाला? चांगली तर हाय." आणि तो गेला.

दोन दिवसांनी तानी आली. दिघाशीहून चालत. दारात उभी राहून तिनं विचारलं, "शेट, आमचा मानूस कवा निंगाला?"

"मंगळवारी सकाळी निघाला. अजून पोचला नाही?"

"न्हाय. आंगावं काय व्हता त्याच्या?"

गुलाम हुसेनच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्याच दिवशी पोलीस येऊन गेले होते, कारखान्यात कोण कोण होतं ते विचारत. आता लुंगीचं सांगितलं आणि उद्या कोणी म्हणालं की शेटनं वारल्याला मुसलमान केलं आणि मग मारलं, तर? त्या दिवसांत एवढ्याशा बोलण्यावर गल्ली पेटत होती. तो म्हणाला, "त्याचेच कपडे. लंगोटी आणि सदरा."

सालेहा पाण्याचा तांब्या घेऊन बापाच्या मागे उभी होती. तिनं ऐकलं. तानीला पाणी दिलं. तोंडात मिठाची गुळणी धरून आत गेली. बावीस वर्षांची पोरगी, बापाचा शब्द खोटा कसा पाडायचा? आणि जिव्या परत येईलच, असं ती स्वतःला सांगत होती. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

जिव्या आला नाही. सरकारी यादीत नाव नाही. पोलीस म्हणाले, गेला असेल कुठे वीटभट्टीवर, दुसरी केली असेल. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात तानी यायची, ओट्यावर बसायची आणि एकच शब्द बोलायची, "खबर?" कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. मेल्याची खबर नाही तर दिवस कसे घालायचे? गावातल्या दोघांनी तिला घरात घ्यायचं विचारलं. तिनं दोघांना सांगितलं, माझा मानूस हाय. सालेहा तिला चहा देई, तांदूळ बांधून देई, तहसीलदाराला अर्ज लिहून देई. अर्जात ‘अंगावरील कपडे’ असा रकाना असे. सालेहा त्यात दर वर्षी सुंदर अक्षरात लिही : लंगोटी व सदरा.

असं नऊ वर्षं चाललं. आणि मग त्र्याण्णवच्या मे महिन्यात, ऑफिसात पंख्याखाली बसून पंचनाम्यांच्या नकला उतरवताना, तिच्या हातात एक कागद आला.

‘अनोळखी पुरुष, जातीने मुसलमान, वय अंदाजे तीस. डोक्यास मार. नाक्यापलीकडील नाल्यात मिळून आला. अंगावर सदरा व निळ्या चौकड्यांची लुंगी, एका बाजूस लाल दोऱ्याने शिवलेली. नातेवाईक नाहीत. कब्रस्तानात दफन.’

सालेहानं कागद खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिच्या हातानं घातलेले ते टाके कुठल्या तरी हवालदारानं बसून पाहिले होते. नाक्यापलीकडच्या टोळीनं जिव्याला मुसलमान म्हणून मारलं होतं. बापानं गल्लीपुरती वाट मोजली, पुढची एका वाक्यात उरकली. आणि त्या वेड्यानं नाका ओलांडल्यावर लुंगी का काढली नाही? तिला एकच उत्तर सुचलं आणि ते तिला सोसवेना. चांगलं कापड अंगावर आहे, तानीला दाखवावं, असं त्याला वाटलं असेल.

तिच्यासमोर पिवळ्या कार्डांचा गठ्ठा होता. तिनं त्यातलं एक घेतलं, ठेवलं, पांढरं घेतलं, तेही ठेवलं. मग उठून कमळाताईंच्या टेबलापाशी गेली आणि सगळं सांगितलं. लुंगी, बाप, तांब्या, अर्ज, सगळं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कमळाताईंनी चष्मा काढला. तो पंचनामा मागून घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "सालेहा, आधी त्या बाईला सांग. बाकीचं नंतर."

"कार्ड कुठल्या रंगाचं करू?"

"सध्या पिवळंच ठेव. कागद तसं म्हणतो."

"तो मुसलमान नव्हता ताई. आणि हिंदू म्हणाल तर तेही त्यानं कधी म्हटलं नाही. त्यांचे देव वेगळे. तिसरा रंग आहे का?"

"एका माणसासाठी तिसरा रंग काढला तर कोष्टक मोडतं," कमळाताई हळू आवाजात म्हणाल्या. "खाली टीप देऊ."

पुढे अहवाल छापून आला, गुळगुळीत कागदावर. परदेशातही गेला म्हणतात. सालेहानं टीप शोधली. टीप होती : ‘एका प्रकरणी ओळखीबाबत मतभेद आहेत.’ मतभेद! कोणाकोणात? जिव्याचा आणि कोणाचा? पण ते सगळं वर्षभरानंतरचं. आधी तिला दिघाशीला जायचं होतं.

आठ दिवस ती गेली नाही. आज पाय दुखतो, उद्या पाहुणे आहेत. चोराच्या मनात चांदणं. शेवटी तिचं तिलाच वाटलं की या मे महिन्यात तानी ओट्यावर येऊन ‘खबर?’ म्हणाली तर आपण जागच्या जागी मरू. त्यापेक्षा आपणच जावं. तिनं वज्रेश्वरीची एसटी धरली, मध्ये उतरली आणि उन्हात पाड्यापर्यंत चालत गेली.

तानी अंगणात मोहाची फळं वाळत घालत होती. सालेहाला पाहून ती उभी राहिली. नऊ वर्षांत ही बाई कधी तिच्या घरी आली नव्हती.

"खबर हाय," तानी म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"आहे," सालेहा म्हणाली. आणि तिथंच जमिनीवर बसली. "तानी, तो त्याच दिवशी गेला. नाक्यापलीकडे. आमच्या कब्रस्तानात पुरलाय."

तानी काही वेळ फळांवरची माशी हाकत राहिली. मग म्हणाली, "तिथं कसा? शेटकडनं निंगून मी तर दवाखान्यात समदी मानसं बगलीं."

"सगळी?"

"दोन रांगा व्हत्या. मधी कापड बांधलेला. पोलीस इचारला, हिंदू का मुसलमान? मी म्हनले, आमी वारली. तो म्हनला, म्हंजे हिंदू, हिकडं बग. मी येक येक तोंड उगडून बगला. न्हाय व्हता. मंग मी म्हनले, तिकडं बी बगू दे. तो म्हनला, तिकडं तुजा कोन? मी म्हनले, माजा मानूस लंगोटीवाला. तो म्हनला, मंग तिकडं न्हाय, तिकडं समदे लुंगीवाले." ती थांबली. "शेटनं सांगितला व्हता ना, लंगोटी."

हे सालेहाला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत तानीनं हे कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे एका कापडाच्या पलीकडे जिव्या पडलेला होता. एक शब्द खरा मिळाला असता तर या बाईनं त्याच दिवशी कापड बाजूला सारलं असतं.

"तानी, त्यानं लुंगी नेसली होती. अब्बांची. मी आणून दिली होती. अब्बांनी तुला खोटं सांगितलं आणि मी तिथंच उभी होते. मी बोलले नाही."

तिला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तानी तिच्याकडे नुसती बघत राहिली, जशी एखाद्या परक्या बाईकडे बघतात. "तू तांब्या घिऊन उबी व्हतीस," ती म्हणाली. "मी तुज्या हातचा पानी प्याले." मग फळं तशीच टाकून आत गेली, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल. दाखव मना."

एसटीत ती सालेहाच्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. दोघी फाटकाबाहेर भिंतीशी उभ्या राहिल्या आणि सालेहानं आतून अब्दुर्रहमान चाचांना बोलावलं. म्हातारा चाळीस वर्षं कबरी खणत आला होता. सालेहानं तारीख सांगितली, लुंगी सांगितली. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"आठवतो," तो म्हणाला. "बेटी, ज्यानं न्हाऊ घातलं त्याला कळतंच ना, माणूस आपला आहे की नाही. मला कळलं होतं. पण पोलिसांचा ट्रक निघून गेलेला. कागदावर मुसलमान लिहिलेलं. परत कुठे पाठवू? कोणाला सांगू, त्या दिवसांत? उन्हाळ्यात मय्यत ठेवता येत नाही. मी म्हटलं, अल्लाहचा बंदा आहे, घाला न्हाऊ."

"कंची जागा?" तानीनं विचारलं.

चाचा खाली बघू लागले. "बाई, इथं जागा पुरत नाही. तीन-चार वर्षांनी त्याच जागी दुसरा येतो. त्या कोपऱ्यात होता. आता तिथं कोण कोण आहे, मलाही सांगता येणार नाही."

तानीनं भिंतीवरून कोपऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला. भिंत उंच होती. तिनं टाचा उंचावल्या, तरी दिसेना.

"आंगोळ कोनी घातली म्हनलास?"

"मीच. मी आणि माझा भाऊ."

"पानी ऊन व्हता?"

"टाकीतलं होतं. उन्हानं तापलेलं. ऊनच होतं, बाई."

तानीनं मान हलवली. हे एक बरं झालं, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिनं विचारलं, "आनि कोन रडला?"

चाचांनी सालेहाकडे पाहिलं. सालेहाला खोटं सांगता आलं असतं. सगळे रडले, असं म्हणता आलं असतं, आणि कदाचित तेच दयेचं ठरलं असतं. पण या बाईला आणखी एक खोटं सांगायची तिची हिंमत झाली नाही. तिनं चाचांना मानेनंच खुणावलं, खरं ते सांगा.

"कोणी नाही," चाचा म्हणाले. "त्या दिवशी रडायला माणूसच नव्हता. दोघेच होतो आम्ही. अजून सहा जणांना न्हाऊ घालायचं होतं."

तेव्हा तानी खाली बसली. भिंतीला कपाळ लावलं, बांगड्या भिंतीवर आपटल्या आणि तिनं टाहो फोडला. नऊ वर्षं घशात अडवून ठेवलेलं रडं. ती त्याला हाका मारत होती, राब भाजायचा ऱ्हायला म्हणत होती, तू कापडाच्या पल्याड व्हतास, मी अल्याड व्हते, म्हणत होती. सालेहा दोन हातांच्या अंतरावर उभी. जवळ जावं तर कुठल्या तोंडानं? लांब राहावं तर कुठल्या काळजानं?

दुपारची वेळ, लूम चालू होते, तरीही रडणं गल्लीत ऐकू गेलं. निजामपुऱ्यात रडणं ऐकलं की बाई घरात बसत नाही. एक आली, दोघी आल्या. बुरखा सावरत, कांडी भरायचं काम टाकून, हाताला सूत चिकटलेलं तसंच. कोणाची कोण, काही ठाऊक नाही. एकीनं तानीचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरी पाठीवरून हात फिरवत आपणही रडू लागली. चाचांनी पाणी आणलं. बघता बघता भिंतीशी सात-आठ बायका बसल्या आणि त्या सगळ्या जिव्यासाठी रडत होत्या, नाव माहीत नसताना.

त्यातली एक म्हातारी डोळे पुसत सालेहाकडे वळली. "कौन गया, बेटी?"

"तिचा नवरा," सालेहा म्हणाली.

"अल्लाह! कब?"

सालेहानं तानीकडे पाहिलं. त्या बायकांच्या मांडीवर डोकं ठेवून ती अजून हाका मारत होती.

"आज," सालेहा म्हणाली.